जोड शोधा

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी दोनच सूचना दिल्या. एक, लेख वेळेवर द्या. दोन, "काका, खोगीरभरती नको हं, नेमकं लिहा." मी फोनवर हसलो, पण त्यांना का ते कळलं नसावं. मी जन्मभर दुसरं काही केलेलंच नाही. मराठीत हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात. भाषणात मुद्दा नसला की खोगीरभरती, कमिटीत बिनकामाची माणसं घेतली की खोगीरभरती. प्रत्यक्षात खोगिरात काय भरतात हे त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलं नसतं. लोकर भरतात. तीही पिंजून, मूठमूठ, दोन्ही बाजूंना सारखी. एका बाजूला गाठ राहिली तर घोड्याच्या पाठीला फोड येतो आणि घोडा कामातून जातो. तेव्हा खोगीरभरती नको म्हणणाऱ्यांनी एकदा बिनभरतीच्या खोगिरावर बसून पाहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमचं घराणं संस्थानच्या रिसाल्यातलं. पणजोबा घोड्यावर होते, आजोबा घोड्यावर होते, वडील कचेरीत खुर्चीवर होते, आणि मी इंदुरात कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांमागच्या एका गल्लीत मांडी घालून खोगिरं शिवत होतो. आमच्या नातेवाइकांना हा उतरता क्रम अजून पचलेला नाही. माझा चुलतभाऊ लग्नकार्यात माझी ओळख 'यांचं लेदर एक्सपोर्टचं आहे' अशी करून देतो. मी आजवर शेजारच्या महूच्या पलीकडे काही पाठवलेलं नाही. हे काम मला ज्यांनी शिकवलं ते उस्ताद जातीने मोची. त्यांच्या पोरांनी या धंद्याकडे पाठ फिरवली आणि मी आत शिरलो. कातड्याला हात लावणारा आमच्या घरातला मी पहिला. मी कामावरून आलो की आई न्हाणीच्या दाराशी बादली भरून ठेवायची आणि काही बोलायची नाही. ती बादली मला अजून टोचते.

इथल्या हिंदीत खोगिराला काठी म्हणतात. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना आमच्या सौ. पुण्याच्या व्याह्यांना सहज म्हणाल्या, "हे काठ्या रिपेअर करतात." व्याही गहिवरून म्हणाले, "वा, वृद्ध मंडळींची फार सोय होत असेल." लग्न झालं, नातवंडं झाली, तरी ते अजून मला मनातल्या मनात हातातल्या काठ्यांचाच कारागीर समजत असावेत. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. त्यांच्या समजुतीत निदान सन्मान तरी होता.

आता माझं काम नेमकं काय, ते सांगतो. खोगीर शिवणारे पुष्कळ आहेत. माझं नाव झालं ते रंगामुळे. लोकांना वाटतं, चामडं म्हणजे काळं नाहीतर तपकिरी. जुन्या खोगिराला एक रंग नसतोच. बैठक माणसाच्या वजनाने आणि घामाने गडद होते. मांडीखालची रुंद पाळ गुडघ्यापाशी उजळते. रिकिबीचा पट्टा जिथे कायम लोंबतो तिथे ऊन पोचत नाही, म्हणून पट्टा बाजूला सारला की खाली मूळ रंगाची पट्टी निघते, हातातलं घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसते तशी. लोखंडाच्या गंजाने आणि हिरड्याने केलेला जुना काळा रंग वर्षानुवर्षांनी हिरवट पडतो. लाल विटला की आधी गाजरी होतो, मग भाजक्या विटेसारखा. रंग जास्त पाजलेला असेल तर उन्हात त्याच्यावर वांग्याची झाक मारते. आणि हिरवा, जो मी उभ्या आयुष्यात फार क्वचित पाहिला, तो सगळ्यात लबाड. त्यातला निळा आधी निघून जातो आणि पिवळा मागे राहतो. शेवटी जो उरतो त्याला मराठीत नाव नाही. वाळलेल्या कडुलिंबाचा पाला डोळ्यांसमोर आणा, म्हणजे जवळपास पोचाल.

अशा खोगिराची पाळ फाटली, की नवा तुकडा जोडावा लागतो. नवा रंग कुणीही देईल. नव्या तुकड्याला विटलेला रंग देणं, तोही नेमका शेजारच्या कातड्याइतका विटलेला, हे माझं काम. काताचं पाणी, चहाचं पाणी, हिरडा, गंजलेले खिळे भिजवलेलं काळं पाणी आणि बाजारी रंगाचे थेंब, एवढ्या सामानावर मी बसायचो. ओलं चामडं खोटं बोलतं, म्हणून प्रत्येक हात वाळू द्यायचा आणि सकाळच्या उन्हात नेऊन पाहायचा. एकेका तुकड्याला आठवडा जाई.

काम झालं की माझी एक रीत होती. खोगीर गिऱ्हाइकासमोर ठेवायचं, चहा मागवायचा आणि म्हणायचं, "जोड शोधा." चहा संपेपर्यंत मुदत. सापडला तर काम पुन्हा करून देणार. गिऱ्हाईक खोगीर फिरवून बघायचं, नख लावायचं, वास घ्यायचं, आणि शेवटी कप खाली ठेवत म्हणायचं, "नाही सापडला, काकाजी." या दोन शब्दांसाठी मी काम केलं. बाकी जे मिळालं त्यात घर चाललं, पण माणूस केवळ घर चालवायला आठवडाभर एका तुकड्याला चहा पाजत बसत नाही.

जोड सापडायचा तो एकाच व्यक्तीला. शकूताईला.

शकूताई म्हणजे घोडेस्वारी शिकवणारी बाई. मराठीच, वयाने माझ्याएवढी. तिचे वडील पोलिसांच्या घोडदळात होते. त्यांनी तिला चालायच्या आधी घोड्यावर बसवलं, असं ती सांगते आणि तिची चाल बघून ते पटतं. सिमरोलच्या रस्त्याला तिचा तबेला आहे. पूर्वी लष्करातल्या साहेबांची मुलं यायची, आता रविवारी कॉलेजची पोरं येतात, घोड्यासोबत फोटो काढतात आणि जातात. तिची जीभ फार तिखट, आणि इंदुरी; मला ती भाऊ न म्हणता भिया म्हणते. तिने मला पहिल्यांदा खोगीर दुरुस्तीला दिलं तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "जोड शोधा." तिने चहाचा कप उचललासुद्धा नाही. "शोधायचं काय, बापू भिया? दुरून दिखतंय! हा तुकडा बघा, नवीन नवरीसारखा चमकतोय."

मला राग आला, पण ती खरं बोलत होती. मी पुन्हा केलं. तिने पुन्हा शोधला. कधी रंगात चूक नसली तर टाक्यांत काढायची, टाके बरोबर असले तर चमक जास्त निघायची. गल्लीतले लोक म्हणत, हिचं काम घेता कशाला? मी घ्यायचो, कारण इंदुरात माझं काम डोळे उघडे ठेवून बघणारी ती एकटीच होती. बाकीच्यांचं 'नाही सापडला' गोड लागायचं, पण माझा हिशेब वेगळा होता. ज्या दिवशी शकूताई चहा संपवून 'नाही सापडला' म्हणेल, त्या दिवशी मी कारागीर झालो, असं मी मनाशी धरलं होतं. तिच्याशी हे कधी बोललो नाही, पण तिला माहीत असावं.

त्या दिवसाला फार वर्षं लागली. ज्या खोगिरावर तो आला ते एक हिरवं खोगीर होतं. तिच्या वडिलांनी तिच्यासाठी मुद्दाम करवून घेतलेलं. मुलींना हिरवा रंग शोभतो, अशी त्या मिशाळ माणसाची समजूत होती. रिकिबीच्या पट्ट्याखाली ते अजून गर्द हिरवं होतं, बाकी सगळं त्या बिननावाच्या रंगावर आलेलं. डाव्या पाळीवर तळहाताएवढा भाग उंदराने कुरतडला होता. ती खोगीर घेऊन आली तेव्हा पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही. फक्त म्हणाली, "हे माझ्या बाबांचं आहे, भिया. हे बिघडलं तर दुसरं नाही."

मी त्या तुकड्यावर जीव ओतला. नुसतं हिरव्याने ते साधणार नव्हतं. पिवळट तपकिरी आधी बसवायचा आणि मग त्यात निळा थेंबाथेंबाने सोडायचा. निळा काही केल्या दिसेना. एक थेंब, आणखी एक, आणखी एक. शेवटी एका सकाळी तुकडा पाळीशी धरला आणि दोन्ही एक झाले. मी लगेच शकूताईला निरोप धाडला. शकूताई आली, चहा आला, मी म्हणालो, "जोड शोधा." तिने खोगीर उचललं, दारापाशी नेलं, बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा खोगिराकडे. परत येऊन तिने चहा संपवला आणि म्हणाली, "नाही सापडला, बापू भिया."

त्या संध्याकाळी मी सराफ्यातल्या खाऊच्या ठेल्यांवर जाऊन घरी जिलबी नेली. सौ. म्हणाल्या, काय झालं? मी म्हणालो, मी पास झालो.

पुढची वर्षं माझी सोन्याची गेली, असं मी समजत होतो. त्यानंतर शकूताईला माझा जोड कधी सापडला नाही. कामही वाढलं. तिच्या ओळखीचे लोक येत, कुणाचा लगाम, कुणाचा पोटाखाली आवळायचा तंग, कुणाचं जुनं खोगीर. सगळे म्हणत, शकू मॅडमने पाठवलंय. सगळ्यांसमोर मी रुबाबात बसायचो. हात आता पिकला, असं मला वाटायचं. उस्ताद असते तर त्यांनी पाठीवर थाप मारली असती, असंही वाटून घ्यायचो.

त्या काळातलं एक नमुनेदार गिऱ्हाईक सांगतो. पप्पू घोडीवाला. नवरदेवांना मिरवायला त्याच्याकडे 'राणी' नावाची पांढरी घोडी होती. तिचं खोगीर मुळात लाल, पण विटून गाजरी झालेलं. "काकाजी, लाल मत कर देना," तो हात जोडून म्हणाला. "नया रंग देखती है तो राणी बिदक जाती है. पिछली बार दूल्हे को लेके सीधे नाले पे पहुँच गई थी." घोडी बुजली ती रंगाला, की बँडवाल्यांना, की नवरदेवाला, हे राणीच जाणे. पण मला तो आवडला. घोडीसाठी का होईना, विटलेला रंग विटलेलाच हवा म्हणणारा माणूस होता. मी गाजरी जोड लावून दिला. त्यालाही तो सापडला नाही.

याउलट बायपासवरच्या हॉटेलचा तो सजावटवाला. त्याने मालव्यातल्या घराघरांतून जुनी खोगिरं गोळा केली होती, भिंतीवर ठोकायला. एकात हिरवट काळा, एकात भाजक्या विटेचा लाल, एक तर मधाच्या रंगाचं. मी बघतच राहिलो. तो म्हणाला, "अंकल, सबको एक जैसा कर दो, अँटिक ब्राऊन." मी म्हटलं, हे आधीच जुनं आहे. तो म्हणाला, "हाँ, पर पुराना दिखता नहीं ना!" मी नाही म्हणालो. त्याने ती खोगिरं दुसरीकडे नेऊन फवाऱ्याने रंगवून घेतली. पुढे नातवाच्या वाढदिवसाला घरचे मला त्याच हॉटेलात घेऊन गेले. भिंतीवर सगळी एका रंगाची खोगिरं, आणि खाली लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. मी जेवलो नाही. सौ. म्हणाल्या, ॲसिडिटी आहे त्यांना. माझ्या उभ्या आयुष्यातल्या कामाचं मोल त्या भिंतीवर लावलेलं होतं, आणि ते वाचायला कुणाला चष्मासुद्धा लागत नव्हता.

आता डोळ्यांवर येतो. संध्याकाळी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं होतं, वाचताना त्रास व्हायचा. मुलीने जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. तरुण डॉक्टर म्हणाले, "काका, इतके दिवस तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघत होता." मी हसून सोडून दिलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं.

पट्टी सुटल्यावर पहिली गोष्ट दिसली ती निळी. आभाळ तर निळं होतंच, पण सदऱ्याचा पांढराही निळसर, सौ.च्या साडीचा जांभळा असा की डोळा दिपावा. मी म्हटलं, ही नवी साडी कधी घेतली? त्या म्हणाल्या, "तुम्हीच आणली होती, चॉकलेटी म्हणून." आणि हसल्या. तेव्हा मीही हसलो. चॉकलेटी म्हणून जांभळी साडी आणणारा माणूस गिऱ्हाइकांना कसले रंग देत असेल, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

तो पडला सुदामा नगरात, आमच्या घरासमोर. शेजारच्या मुलाची वरात दुपारीच निघत होती. बँड वाजत होता, आणि दारात पप्पूची राणी सजून उभी. नवरदेव अजून बसायचा होता, त्यामुळे खोगीर मोकळं. मी कौतुकाने पुढे झालो. गाजरी पाळीवर मधोमध एक तुकडा होता, जांभळट, जुन्या जखमेच्या वणासारखा. मला वाटलं, पप्पूने नंतर कुणाकडून तरी ठिगळ लावून घेतलं. मी रागावून विचारलं, "ये किसने किया?" पप्पू गोंधळला. त्याने बँडकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकाजी," तो म्हणाला, "आपने ही तो किया था." मी वाकून टाके बघितले. टाके माझे होते. रंग कुणी सोंगाड्याने दिल्यासारखा असला, तरी टाके माझेच होते.

"तो बोला क्यों नहीं?" मी विचारलं. तो म्हणाला, "शकू मॅडमने मना किया था."

दुसऱ्या दिवशी मी सिमरोलला गेलो. जाताना रिक्षात मी ती सगळी वर्षं मोजत होतो आणि त्यांच्यातली एकही हाताला लागत नव्हती. शकूताई तबेल्यात होती. मी नमस्कारही न करता म्हणालो, "हिरवं खोगीर दाखवा." तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. ऑपरेशन झाल्याचं तिला ठाऊक होतं. तिने आतून खोगीर आणलं आणि कठड्यावर ठेवलं.

त्या वाळक्या पाल्याच्या रंगावर माझा तुकडा निळा होता. शाई सांडून कुणी नीट न पुसल्यासारखा. उस्तादांनी शिकवलेलं सगळं आणि माझा सगळा जीव त्या तळहाताएवढ्या जागेत होता, आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही दिसलं असतं.

"सापडला होता," मी म्हणालो. मी त्या निळ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात नाही सापडला. तुम्ही! बाकीच्यांचं मी समजू शकतो."

ती बाकावर बसली. "भिया, मी दारात घेऊन गेले. बघितलं तर निळाशार. मला वाटलं हे मजाक करताहेत माझा. मग तुमचा चेहरा बघितला. भोत खूश होता तुम्ही. मला कळलं, यांना दिखतच नाही. आता काय बोलणार?"

"बोलायचं होतं! डोळे तेव्हाच दाखवले असते."

"सांगितलं होतं भाभीजींना. त्या म्हणाल्या, ते ऐकत नाहीत, चश्म्याला हात लावू देत नाहीत. खरं की नाही?"

खरं होतं. मला चष्म्याचा राग होता. रंगाचा माणूस काचेतून बघायला लागला की संपला, असं मी सगळ्यांना ऐकवायचो.

"आणि मग ते सगळे लोक? शकू मॅडमने पाठवलंय म्हणत येणारे?"

ती बाकावरून उठली. मग तिने कठड्याच्या टोकाला हात केला. तिथे उन्हात एक म्हातारा घोडा उभा होता, करडा, डोळ्यांवर पांढरी साय आलेला. त्याच्या पाठीवर खोगीर होतं, तंग आवळलेला, लगाम घातलेला. जवळ कुणीच नव्हतं. "हा बादल," ती म्हणाली. "याच्यावर आता कुणी बसत नाही, कंबर गेली. पण सकाळी बाकीच्यांना खोगीर चढवलं आणि याला नाही चढवलं, की हा दिवसभर चारा तोंडात घेत नाही. म्हणून रोज चढवतो. उभा राहतो दोन घंटे. मग उतरवतो. खूश असतो." एवढं बोलून आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं असावं. "मतलब, तसं नाही हो, बापू भिया," ती घाईने म्हणाली.

तसंच होतं. तिने इतकी वर्षं रोज सकाळी मला खोगीर चढवलं होतं, आणि मी खूश होतो. ज्या वर्षांना मी माझी सोन्याची वर्षं म्हणत होतो, ती माझी आंधळी वर्षं होती. ज्या वर्षांत तिने मला टोचून टोचून हैराण केलं, तीच माझी खरी कारागिरी होती, आणि तेव्हा मी तिच्या नावाने बोटं मोडत होतो. तिने हे सगळं प्रेमानेच केलं, हे मला कळतं. पण कारागिराला प्रेम नको असतं हो. त्याला कुणीतरी 'इथे चुकलं' म्हणणारं लागतं. तिने माझ्यावर दया केली आणि माझ्या हातून माझं काम काढून घेतलं. मला तिचा भयंकर राग आला, अजूनही येतो, आणि तो काढायला जागा नाही, कारण ज्याला विचारावं तो म्हणतो की बाई किती चांगली.

मी ते खोगीर घेऊन आलो. ती "राहू द्या ना, भिया," म्हणत होती. मी ऐकलं नाही. दुकान ऑपरेशनच्या वेळीच बंद केलेलं होतं, म्हणून घरच्या गच्चीत बसलो. जुना तुकडा उसवला. आरीने पाडलेली टाक्यांची भोकं तशीच ठेवून नवा कापला. कात, चहा, हिरडा, आणि शेवटी निळा. या वेळी पहिला थेंब पडला तो मला पडल्यापडल्या दिसला. इतका स्पष्ट की मी घाबरून कापसाने अर्धा टिपून घेतला. वाळवायचा, उन्हात न्यायचा, पुन्हा बसायचं. सौ. मधूनमधून येऊन चहा ठेवून जात आणि त्यातला निम्मा तुकड्याला जाई. हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, टाके मारायला वेळ लागला. पण एका सकाळी पाळ उन्हात धरली, आणि मला माझाच जोड शोधावा लागला. बोट फिरवलं तेव्हा कुठे लागला. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. हे मी फुशारकीने लिहीत नाही. नव्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहितो.

सिमरोलला गेलो. शकूताईने तबेल्यातल्या पोरीला चहा सांगितला. मी खोगीर कठड्यावर ठेवलं. वाटेत ठरवलं होतं की ते शब्द आता बोलायचे नाहीत, पण सवयीने तोंडातून निघून गेले. "जोड शोधा."

तिने चष्मा लावला. खोगीर उन्हात नेलं, तिरकं धरलं, जवळ आणलं, लांब नेलं. नख लावलं. पूर्वी काढायची तशी खोडी काढण्यासाठी तिचे ओठ पुढे आले आणि परत मिटले. पाळ उलटून तिने आतली बाजू पाहिली. चहा निवला. शेवटी तिने खोगीर खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नाही सापडला, बापू भिया."

मी वाट पाहत राहिलो. आत काहीतरी हलेल, जिलबी घ्यावीशी वाटेल, निदान छातीवरचा भार उतरेल. काही झालं नाही. तेच शब्द होते, तोच आवाज. पूर्वीच्या वेळीही तिने असाच वेळ घेतला होता, असंच दाराशी नेऊन पाहिलं होतं.

"आईशप्पथ, भिया," ती म्हणाली. "या वेळी खरंच नाही सापडला."

पूर्वी आमच्यात शपथ लागत नसे. ती माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "माझ्यावर आता भरोसा नाही का तुमचा?"

"आहे की," मी म्हणालो, आणि आमची फिटंफाट झाली.